ही बाजू वर

शकूताई,

परवा शनिवारी गंगेवर तुमचा दहावा झाला. कावळा पाऊण तास आला नाही.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? कावळा भूक लागली की येतो, नाही लागली की येत नाही. आणि गंगेवरच्या कावळ्यांना भूक लागायला सवड कुठे मिळते? हे तुम्ही मला आमच्या आईच्या दहाव्याला, त्याच पायऱ्यांवर ऐकवलं होतं, तेही जरा मोठ्यानं. तेव्हा गुरुजींनी मागे वळून पाहिलं होतं. परवाही तेच गुरुजी होते. त्यांनी तुमचा फोटो पाहिला आणि बहुतेक ओळखलं.

पिंड ठेवला आणि सगळे दूर होऊन उभे राहिले. कठड्यावर तीन कावळे होते. तिघांचंही आपल्याकडे लक्ष नव्हतं. मिलिंदनं हात जोडून सांगितलं, "आई, बाबांना एकटं ठेवणार नाही." काही नाही. भास्करराव म्हणाले, "गोळ्या वेळेवर घेईन हो." काही नाही. मग मिलिंद म्हणाला, "आई, तुझी गाडी विकणार नाही." त्यावर तिघांतला एक कावळा उडून आणखी लांब जाऊन बसला. त्र्यंबक रस्त्यावरच्या तमाम वाहनचालकांच्या वतीनं तो बसला असावा, असं मला वाटून गेलं.

काय अडलं आहे ते मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं. पण ते पहिल्यापासून सांगतो. यातलं पुष्कळ तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. कारण तुम्ही समोर असताना मला सलग चार वाक्यं कधी पुरी करता आली नाहीत.

आपली ओळख भांडणातून झाली. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला होतात आणि मी वाचनालयात ग्रंथपाल होतो. तुम्ही परत केलेल्या पुस्तकांच्या समासात निळ्या शाईनं "चूक!", "हे कोणी सांगितलं?", "आकृती उलटी छापली आहे" असे शेरे असत. पुस्तकावर शाई चालवणाऱ्या माणसाशी मी बोलत नसे. तुमच्याशी बोलावं लागलं. मी म्हणालो, "ताई, निदान पेन्सिल वापरा." तुम्ही म्हणालात, "पेन्सिलीनं लिहिणारा माणूस आपण चुकणार असं धरूनच लिहीत असतो." मी पेन्सिलीनंच लिहितो, हे तुम्ही माझ्या टेबलाकडे बघून म्हणाला होतात.

पुढे एकदा तुम्ही भर दुपारी आलात, चपला दारात न काढता थेट टेबलाशी. त्र्यंबकच्या बाजूला, रस्ता सोडून आत डोंगराकडे गेलं की एक वस्ती लागते. तिचं नाव चक्कीचा पाडा. "तिथं पिठाची गिरणी नाही, कधी वीजही धड नव्हती, मग चक्की कुठली? शोधा." मला शोधायला अकरा दिवस लागले. पानं सुटलेल्या एका जुन्या अहवालात दीड ओळ सापडली: तिथल्या ओहोळावर पाण्यानं चालणारी चक्की होती आणि आसपासचे लोक तिथे नागली दळत. दीडच ओळ. तुम्ही ती वाचली आणि म्हणालात, "रविवारी सकाळी सात वाजता तयार राहा. टोपी घ्या. आणि हे बूट नकोत."

मला वाटलं होतं, बघून यायचं.

ओहोळाच्या काठावर कमरेएवढ्या भिंती उभ्या होत्या, आत बाभळी उगवल्या होत्या आणि गाळ भरलेला होता. तुम्ही बाभळीचा काटा पायातून उपसत म्हणालात, "ही परत चालू करायची. नुसती उभी नाही करायची, चालू करायची. इथलं पीठ निघाल्यावर त्याची भाकरी खाल्ल्याशिवाय मी कुठंही जाणार नाही." मी त्याही दिवशी हे वाक्य जरा जास्तच झालं असं म्हणालो होतो.

श्रमदानाला पहिल्या रविवारी बरीच माणसं आली आणि त्यांनी बरेच फोटो काढले. दुसऱ्या रविवारी निम्मी आली. तिसऱ्या रविवारपासून तुम्ही, मी आणि रज्जाकभाई. रज्जाकभाई जुन्या नाशकातले, पिढ्यान्‌पिढ्या दगडाचं काम करणारे. त्यांचे वडील गल्लोगल्ली "टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ" असं ओरडत फिरायचे आणि गुळगुळीत झालेली जाती छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून द्यायचे. रज्जाकभाईंच्या वाट्याला दारावरच्या पाट्या आणि पाटे-वरवंटे आले होते. चक्कीचं नाव ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "टीचरबाई, मला लहानपणापासून मोठा दगड करायचा होता."

मी काय केलं? मी अर्धं भरलेलं घमेलं वाहिलं. आणि पडलेल्या प्रत्येक दगडाला खडूनं क्रमांक देऊन वहीत त्याची नोंद केली. वळवाच्या एका सरीनं सगळी वर्गवारी धुऊन नेली. तुम्ही छत्रीखाली उभ्या राहून म्हणालात, "शाई, ग्रंथपाल, शाई!"

चक्कीचं तत्त्व तुम्ही मला पाड्यातल्या हिराबाईच्या ओट्यावर, डब्यातल्या दोन पोळ्या एकमेकींवर ठेवून समजावलं होतंत. खाली ओहोळात आडवं लाकडी चाक. पन्हळीतून पाण्याची धार चाकाच्या एका बाजूला मारते, चाक फिरतं, त्याच्या आसावर बसवलेला वरचा दगड फिरतो. त्या दगडाच्या पोटाला तिरप्या चऱ्या कोरलेल्या असतात. दाणा मधल्या भोकातून आत पडतो आणि चऱ्या त्याला चिरडत चिरडत कडेला ढकलतात. म्हणून चऱ्या जशा कललेल्या, त्या हिशेबानंच दगड फिरायला हवा. उलटा फिरला, की पीठ बाहेर यायच्या ऐवजी आतच कोंबलं जातं. एवढं सांगून तुम्ही दोन्ही पोळ्या खाल्ल्या. त्यातली एक माझी होती.

पन्हळ कुठल्या बाजूला होती, याचा निकाल तुम्ही भिंतीतल्या झिजलेल्या खोबणीवरून लावलात: डावीकडे. "भिंत खोटं बोलत नाही." राहिल्या चऱ्या. जुना वरचा दगड फुटला होता. त्याचा अर्धा भाग हिराबाईच्या अंगणात होता. हिराबाईचं घर चक्कीला लागून, आणि ती त्या अर्ध्या दगडावर धुणं धूत असे. तुम्ही तो मागितलात तेव्हा ती म्हणाली, "माझा दगड हाय तो. धुणं कशावर धुवू मंग? तुमच्या टोपीवर?"

तेव्हा असं ठरलं, की दगड जागेवरच राहील. मी त्यावर पारदर्शक कागद अंथरून चऱ्यांच्या रेघा उतरवून घेईन आणि त्यावरून रज्जाकभाई नवा दगड घडवतील. मी त्या दगडाशी अडीच तास उकिडवा बसलो होतो. तुम्ही डोक्यावर उभ्या होतात. "कागद उचलायच्या आधी कोपऱ्यात लिहा, ही बाजू वर."

"शीर्षक लिहिणार आहे ना. शीर्षक असलेला कागद कोण उलटा धरेल?"

"आत्ता लिहा. शाईनं."

"मूळ नोंदीवर शाई वापरत नाहीत, ताई."

तुम्ही हात झटकून निघून गेलात. दगड ओला होता, कागद भिजला. हिराबाईनं तो माझ्या हातातून घेतला आणि कुंपणावर दोन लुगड्यांच्या मधे वाळत घातला. वाळल्यावर मी तो काढला, मांडीवर घेतला, आणि चांगल्या टोकाच्या पेन्सिलीनं, माझ्या उत्तम अक्षरात शीर्षक लिहिलं. पारदर्शक कागदाच्या रेघा दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात. मी शीर्षक मागच्या बाजूला लिहिलं होतं.

हे मला दसऱ्यानंतर कळलं, चक्कीच्या पहिल्या चाचणीला, सबंध पाड्यासमोर. सरपंचांनी नारळ फोडला आणि पूर्वजांवर बोलले. पन्हळीत पाणी सोडलं. दगड फिरायला लागला तेव्हा तुम्ही माझा दंड इतका घट्ट धरलात की चार दिवस वळ होता. हिराबाईनं सुपातून नागली ओतली. दाणे आत गेले. आणखी ओतली. तीही गेली. सगळे वाकून कडेला पाहत होते. दगड घरघरत होता, आत जाईल तेवढं घेत होता आणि काही देत नव्हता. थोड्या वेळानं जळका वास यायला लागला आणि मधल्या भोकातून नागली उलट वर आली. सरपंच म्हणाले, "छान. सुरुवात तर झाली," आणि गाडीत बसले.

रज्जाकभाई हात पुसत म्हणाले, "कागद दाखवा."

मी कागद आणतो म्हणून मागे गेलो. हिराबाईच्या अंगणातल्या अर्ध्या दगडावर तो अंथरला. शीर्षक वर ठेवून पाहिलं: एकही रेघ जुळेना. उलटा केला: सगळ्या जुळल्या. हिराबाई वाळलेली लुगडी गोळा करत होती. ती माझ्याकडे पाहत होती. मी कागदाची घडी करून तो फाइलमध्ये घातला, परत आलो आणि म्हणालो, "कागद सापडत नाही. हरवला."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. काही बोलला नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढचे चार रविवार आपण भांडलो. तुमच्या गाडीत, जाताना आणि येताना. तुम्ही बोलताना माझ्याकडे वळून बघायच्या आणि मी समोरून येणाऱ्या टेम्पोकडे बघत उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत असे. मी म्हणत होतो, पन्हळ उजव्या बाजूला घ्या, चाक उलटं फिरेल, प्रश्न सुटेल. म्हणजे, चूक तुमच्या भिंतीच्या वाचनात आहे. मी हे शांतपणे, पुरावे देऊन मांडत होतो. इतक्या शांतपणे खोटं बोलता येतं हे मला पूर्वी माहीत नव्हतं. तुम्ही म्हणत होतात, "पन्हळ डावीकडेच होती. मी मेले तरी डावीकडेच होती." मी म्हणालो, "मग पीठ का येत नाही?" त्यावर तुम्ही चक्क गप्प बसलात. मला वाटलं, मी जिंकलो. ताई, त्या गप्प बसण्यानं मला पुढे जेवण गेलं नाही.

शेवटी, दिवाळीनंतर, मी ठरवलं. ओहोळाचं पाणी मार्गशीर्षापर्यंत जेमतेम पुरणार होतं. पुढच्या रविवारी दुसरी चाचणी होती. शुक्रवारी मी एकटाच एसटीनं गेलो आणि हिराबाई आणि तिचा नवरा यांच्या मदतीनं पन्हळ उजवीकडे फिरवली. दोन-तीन तासांचं काम. भिंतीतली डावीकडची खोबण नीट झाकून घेतली. चक्कीत दगडाचा ताजा भुगा पडला होता. मला वाटलं मागच्या वेळचाच. मी तो झाडून काढला आणि मनात म्हणालो, किती निष्काळजी माणसं. हिराबाईला निघताना सांगितलं, "हे कोणाला सांगू नका." ती म्हणाली, "बरं." मग पदर तोंडाला लावून घरात गेली.

रविवार आला. रज्जाकभाई मालेगावला लग्नाला गेले होते. सरपंच आले नाहीत. नारळ नव्हता. पाणी सोडलं, दगड फिरला, हिराबाईनं नव्या हंगामाची नागली ओतली आणि आपण वाकून पाहत राहिलो. दाणे आत गेले. बाहेर काही आलं नाही. परत तोच जळका वास.

माझं डोकं चालेना. पण तुमचं चाललं. तुम्ही फिरणाऱ्या दगडाकडे पाहिलंत. बोट हवेत धरून त्याच्याबरोबर एक वर्तुळ काढलंत, मग उलट्या दिशेनं एक. बॅटरी घेऊन खाली वाकून पन्हळ कुठून येते ते पाहिलंत. उठलात, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत, मग हिराबाईकडे. हिराबाईचा पदर तोंडाशी होताच. आणि तुम्ही हसायला लागलात.

साधं हसणं नव्हतं ते. तुम्हाला भिंतीला टेकून बसावं लागलं. मी म्हणालो, "ताई, काय झालं?"

"काही नाही हो."

"पाणी देऊ का?"

"पाणी नको. पाण्याचा यात काही दोष नाही." आणि परत हसू. डोळे पुसत म्हणालात, "ग्रंथपाल, आज मला हसू द्या. पुढच्या रविवारी सांगते."

परतीच्या वाटेवरही प्रत्येक वळणावर तुम्हाला हसण्याचा उमाळा येत होता. गाडी मात्र त्या दिवशी तुम्ही बरी चालवलीत. मला वाटलं, मी पकडला गेलो. कागद, पन्हळ, सगळं तुम्हाला कळलं आणि तुम्ही मला हसत आहात. घरी जाऊन मी माफीचं पत्र लिहायला बसलो. सोमवारचा खर्डा फार लांब झाला. मंगळवारचा फार शहाणा झाला. बुधवारी मी सगळं फाडलं. गुरुवारी सकाळी सहा ओळी लिहिल्या आणि त्या बऱ्या होत्या.

गुरुवारी दुपारी तुम्ही जेवून जरा पडलात आणि उठला नाहीत. मिलिंदचा फोन आला तेव्हा पत्र पाकिटात घालून झालं होतं. मी फोन ठेवला आणि पाकिटावर तुमचा पत्ता लिहिला. का लिहिला ते सांगता येत नाही. हात आधीच निघाला होता.

म्हणून परवा गंगेवर, पाऊण तास झाल्यावर, मी पुढे गेलो. सगळे बघत होते. मला चारचौघांत बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी पिंडाकडे बघून हळू आवाजात म्हणालो, "ताई, कागद हरवला नव्हता. शीर्षक मी उलट्या बाजूला लिहिलं होतं. पन्हळ डावीकडेच होती. आणि त्या शुक्रवारी ती उजवीकडे मीच फिरवली."

कावळे जागेवर.

मी मागे सरलो तेव्हा रज्जाकभाई शेजारी आले होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल कानामागे सारला. "लायब्ररीसाहेब, काय म्हणालात? पन्हळ कुणी फिरवली?"

"मी."

"कधी?"

"चाचणीच्या आधीच्या शुक्रवारी."

रज्जाकभाई माझ्याकडे बघतच राहिले. "या खुदा," ते म्हणाले. "अहो, त्याच आठवड्यात मंगळवार-बुधवार दोन दिवस बसून मी दगड उलटा केला ना!"

"म्हणजे?"

"सगळ्या चऱ्या पुसल्या आणि उलट्या कलानं नव्या कोरल्या. टीचरबाईंनीच नेलं मला. त्यांच्या गाडीतून. तोबा."

"पण मला का नाही सांगितलंत?"

"कसम घातली होती त्यांनी." त्यांचा आवाज आता चांगलाच वर चढला होता. "मला म्हणाल्या, तुमचं काम चोख आहे, कागदच तसा होता. म्हणाल्या, ग्रंथपालांनी जन्मात एक कागद हरवला नाही. ते हरवला म्हणाले तेव्हाच मला कळलं. त्यांना काही बोलायचं नाही. पीठ आलं की म्हणू, दगड नवा होता, बसायला वेळ लागला. आणि मी इकडे पंधरा दिवस झोपलो नाही, की रज्जाक, तुझी टाकीच खोटी निघाली!"

एकच चूक होती, ताई. ती तुम्ही मंगळवारी दुरुस्त केलीत, मी शुक्रवारी दुरुस्त केली, आणि ती शांतपणे आपल्या जागी परत आली.

आधी रज्जाकभाईंना हसू फुटलं. मी आवरायचा प्रयत्न केला. घाट, माणसं, भास्करराव, तुमचा फोटो. पण तुमचं ते वर्तुळ काढणारं बोट डोळ्यांसमोर आलं आणि मग माझंही संपलं. आम्ही दोघं म्हातारे एकमेकांचे खांदे धरून गंगेवर हसत होतो. शेजारच्या दहाव्याची माणसंही वळून बघायला लागली. मिलिंद लालबुंद झाला होता. एवढ्यात गुरुजी ओरडले, "शिवला! शिवला!"

आम्ही वळून पाहिलं तोवर कावळा घास घेऊन गेलाही होता. मी पाहिला नाही. तुम्ही म्हणाल, जेवायची वेळ झाली होती. असेल. बारा वाजत आले होते.

भास्कररावांनी विचारलं, "काय झालं?" आम्ही सांगितलं. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "म्हणून चार दिवस घरात हसत होती. भाजी चिरताना हसायची. मी विचारलं तर म्हणाली, आधी रविवारी त्यांना सांगते, मग तुम्हाला. त्यांचा पहिला हक्क आहे."

ताई, मी अनेक पुस्तकांत माणसाच्या मोठेपणाबद्दल वाचलं आहे. दुसऱ्याची फजिती झाकायला कुणी दोन दिवस दगड उलटा करवून घेतं, हे कुठे वाचलेलं नव्हतं. वर त्यासाठी स्वतःचं खरं असलेलं म्हणणं चार रविवार खोटं पडू द्यायचं. तेही तुम्ही, ज्यांना छापील पुस्तकातली चूक सोडवत नसे.

काल रविवार होता. रज्जाकभाई आणि मी सकाळच्या एसटीनं गेलो. भास्कररावही आले, टोपी घालून. हिराबाई दारातच होती. मी तिला म्हणालो, "हिराबाई, तुम्हाला दोन्ही माहीत होतं. दगडाचंही आणि पन्हळीचंही."

"व्हतं ना."

"मग सांगायचं नाही का?"

"ताई बोलल्या कोणाला सांगू नको. तुम्ही बी बोलले कोणाला सांगू नको. मंग कोणाला सांगू?"

"अहो, निदान आम्हा दोघांना एकमेकांचं..."

"तुम्ही दोघंच तर व्हते," हिराबाई म्हणाली. मग जरा थांबून, "लय हसल्या त्या दिवशी ताई. मला वाटलं, आता झालं, दोघं बोलतील."

दोहोंतलं एक परत फिरवायचं होतं. कुठलं, यावर वाद व्हायला नको होता, पण तुमच्याशिवाय तो नीट झालाही नसता. तुमचं खोटं दगडात कोरलेलं होतं, माझं लाकडाचं होतं. लाकडाचं काढलं. पन्हळ पुन्हा डावीकडे, भिंतीतल्या त्या खोबणीत बसवली. अगदी चपखल बसली. भिंत खोटं बोलत नाही.

पाणी सोडलं. सरपंच नव्हते, भाषण नव्हतं. हिराबाईनं नागली ओतली. थोडा वेळ काहीच आलं नाही आणि भास्कररावांनी माझा दंड धरला, अगदी त्याच जागी. मग दगडाच्या कडेनं एक बारीक तपकिरी रेघ दिसली. मग ती गोल पसरत गेली आणि पीठ खाली पडायला लागलं, गरम, जरासं खमंग. रज्जाकभाईंनी दगडावर हात ठेवला आणि तो त्यांच्या हाताखालून फिरत राहिला.

नव्या टाकीचं पहिलं दळण खायचं नसतं, त्यात दगडाची कचकच असते. रज्जाकभाईंनी दोन दळणं फेकायला लावली. तिसऱ्याच्या भाकऱ्या हिराबाईनं चुलीवर केल्या, सोबत खुरसणीची चटणी. तरी दाताखाली कच्‌ आलंच. भास्करराव चावत म्हणाले, "शकू असती तर म्हणाली असती, आणखी एक दळण फेका." मग दुसरी भाकरी मागितली. तुमची एक वेगळी काढून ठेवली होती. ती कुणी खाल्ली ते सांगत नाही. दोन पोळ्यांपैकी एक माझी होती, एवढं लक्षात असू द्या.

आज सोमवार. सकाळी फाइलमधून तो कागद काढला. काल येताना हिराबाईच्या अंगणात तो अर्ध्या दगडावर अंथरून, रेघा जुळवून, वरच्या बाजूला नखानं खूण करून आणली होती. तुम्हाला लिहिलेली ती सहा ओळींची चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवली आहे. पाकिटातून काढली नाही. तुमच्या नावानं आहे, तुम्हीच उघडायची. मग वाचनालयातून निवृत्त होताना मिळालेलं पेन शोधलं. ते मी कधी वापरलं नव्हतं. शाई भरायला बराच वेळ गेला, बोटं निळी झाली.

कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं आहे: ही बाजू वर. शाईनं. शेजारी बाणही काढला आहे.

लिहून झाल्यावर खिडकीशी जाऊन कागद उजेडात धरून पाहिला. बरोबर बाजूला आहे. दोनदा पाहिला.